वाल्दाच्या हातची पिल्लं

ऊसतोड सुरू झाली की वाल्दाच्या हातांना वाघाटी या रानमांजराच्या मुताचा वास लागायचा, आणि तोड संपून साखर कारखान्याचं धुराडं थंड होईपर्यंत तो जायचा नाही. साबण लावून झाला, लिंबू चोळून झालं, राखेनं घासून झालं; पण भातात बोटं घातली की आधी तोच वास वर यायचा. तिचा नवरा तेबान म्हणायचा, "लोकांच्या बायका फडातून घामाचा वास घेऊन येतात. आमची येते ती बोक्याकडं राहून आल्यासारखी." आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचा. तेव्हा तो धडधाकट होता. कोयता चालवायला लागला की दोन माणसांना भारी पडायचा.

तिचं पूर्ण नाव रोमुआल्दा तुपास, पण पाद्रीबाबांखेरीज ते कुणी उच्चारत नसे. नेग्रोस बेटावर, कानलाओन डोंगराच्या पायथ्याशी एका जमीनदाराच्या मजूरवस्तीत ती जन्मली. हातात खुरपं आलं तेव्हा तिचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते, आणि कोयता आला तो न्हाण आल्याच्या वर्षी. चाळिशीत गुडघे कुरकुरू लागले. त्याच सुमारास गावाबाहेर रानातल्या जखमी, पोरक्या जनावरांसाठी एक दवाखाना निघाला. तिथे धुण्यापुसण्याला बाई हवी होती. वाल्दा गेली आणि तिथलीच झाली. आधी पिंजरे धुतले, मग दूध गरम करायला लागली, मग एक दिवस डॉक्टर लाचिकांनी तिच्या ओंजळीत एक डोळे मिटलेलं पिल्लू ठेवलं आणि म्हणाल्या, "मनांग वाल्दा, मला दुसरीकडं बोलावलंय. याला तासाभरानं दूध लागेल. जमेल?" मनांग म्हणजे आक्का. डॉक्टरीणबाई वयानं लहान, म्हणून त्या तिला मनांग म्हणायच्या आणि ती त्यांना डॉक म्हणायची.

दवाखान्यात वटवाघळाची पिल्लं यायची, पाडसं यायची, धनेशाची पिसं न फुटलेली लालभडक पोरंही यायची. पण तोडीच्या दिवसांत यायची ती वाघाटीची. वाघाटी म्हणजे घरच्या मांजराएवढीच, फक्त अंगावर बिबट्याचे ठिपके आणि डोळ्यांत माणसाविषयी निव्वळ तिरस्कार. डोंगरावरचं रान गेलं तशी ती उसात उतरली. उसात उंदीर मुबलक, वर्षभर कुणी आत शिरत नाही, आणि वाळलेल्या पाचटाइतकं मऊ बाळंतपणाचं अंथरूण कुठं मिळायचं? मग एक दिवस कोयते येतात. आई पळते, पिल्लं पाचटात चिरचिरत राहतात, आणि कुणीतरी कनवाळू माणूस त्यांना सदऱ्यात गुंडाळून घेऊन येतो. आई अंधार पडला की परत येत असेलही. पण अंधार पडेपर्यंत फडच राहिलेला नसतो.

मुठीत मावतील एवढी ती पिल्लं. शेळीचं दूध द्यायचं ते थेंबाथेंबानं. दूध पाजलं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं शेपटीखाली हळूहळू पुसायचं, कारण आईची जीभ फिरल्याशिवाय त्यांना मुततासुद्धा येत नाही. न पुसलं तर पोट फुगून मरतात. घाईत पाजलं तर दूध छातीत जाऊन मरतात. गारठली तर मरतात, आणि कधी कधी सगळं नीट करूनही सकाळी वाकडी होऊन पडलेली असतात. निम्मी जगली तर ते साल सुगीचं म्हणायचं. तशा सालात डॉक्टर लाचिका सगळ्यांना बाजारातून गरमागरम बाचोय, म्हणजे रश्शातल्या शेवया, आणून खाऊ घालायच्या, आणि फाटकावरचा राखणदार दिदोय शेवयांबरोबर वाडगाही चाटून पुसून ठेवायचा.

डोळे उघडले की लाड बंद. तोंडाला फडकं बांधायचं आणि पिल्लासमोर अवाक्षर काढायचं नाही, कारण त्याला पुढं रानात जायचं आणि माणसाला भिऊनच जगायचं. वाल्दाला हे अवघड गेलं नाही. फडात वाढलेल्या बाईला लाड करायची सवय कुठली असायला! दवाखान्याचा आणखी एक नियम होता. या पिल्लांना जो हात लावेल त्याच्या घरी मांजर नको. गावच्या मांजरांचे रोग वाघाटीला चुटकीसरशी नेतात. वाल्दा घरी येऊन तेबानला म्हणाली होती, "ऐकलंस का? आजपासून आपल्या घरात मांजर नाही." तेबान म्हणाला होता, "एक आहे की. रोज रात्री माझ्या शेजारी झोपतं."

मग एका तोडीत तेबान फडात उभाच्या उभा कोसळला. कोयता हातातच होता. उजवं अंग गेलं. जीभ हळूहळू वळायला लागली, पण हात-पाय वळले नाहीत ते नाहीतच. खिडकीखाली बांबूच्या बाजेवर तो पडून राहू लागला. दुपारी शेजारची पासिंग, त्याची चुलतबहीण, येऊन भात भरवून जायची. वाल्दा उजाडायच्या आत निघायची ती दिवेलागणीला परतायची. तोडीच्या दिवसांत त्याहूनही उशीर व्हायचा.

"आज किती पाजलीस?" तो विचारायचा.

"पाच आहेत सध्या."

"पाचांना तासातासाला. आणि मला?"

"तुला पासिंग आहे ना?"

"पासिंग भरवते ते कोंबडीला दाणे टाकल्यासारखं. एक डोळा माझ्यावर, एक तिच्या चुलीवर." मग म्हणायचा, "पोरकं व्हायला पाहिजे होतं मी. ठिपके असते अंगावर म्हणजे बरं झालं असतं."

वाल्दा बाजेपाशी वाकायची. त्याला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, चटई बदलायची. दिवसभर तेच करून आलेले तिचे हात न सांगता चालायचे. बोलायला मात्र ती उरलेली नसायची.

त्या साली आलेली पाच पिल्लं चांगली तगली होती. दोघांचे डोळे उघडले होते, ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून फिसकारायची. उरलेली तिघं एका वेताची, अगदी लहान. एका सकाळी वाल्दा पोचली तर वीज गेलेली, पिल्लांच्या खोलीतला दिवा विझलेला आणि तिघं गार पडायला लागलेली. जनित्राला तेल नव्हतं. तिनं मागचापुढचा विचार न करता तिघांना उचलून पोलक्यात, छातीशी घातलं आणि वीज येईपर्यंत तशीच भिंतीला टेकून बसून राहिली. एकानं तर तिच्या कातडीला लुचायला सुरुवात केली. दिदोय दारातून बघून म्हणाला, "मनांग, या वयात तिळं!"

"जा रे मेल्या, तेल आण आधी," ती म्हणाली, पण हसली.

आठवडा गेला असेल. लहानांपैकी एकानं दूध सोडलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघांनीही. मग मोठ्यांतलं एक पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकवून बसलं. तहान लागलेली दिसत होती, पण जीभ पाण्याला लागत नव्हती. दुपारी ते पिवळा फेस ओकलं. वाल्दानं ओकारी पुष्कळ पाहिली होती, पण हा वास येताच तिनं डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर लाचिकांनी विष्ठेचा थेंब घेऊन छोट्या पट्टीवर टाकला. पट्टीवर एकाऐवजी दोन रेघा उमटल्या तशा त्या खोलीतल्या फरशीवरच बसल्या.

"मांजरांचा रोग आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरून आलाय. कुणीतरी आणलाय."

पाचही गेली. मोठ्यांतलं दुसरं सगळ्यांत चिवट निघालं. सलाईनची सुई पायात घेऊन ते शेवटपर्यंत वाल्दावर फिसकारत होतं, आणि फिसकारता फिसकारताच थांबलं. आवारात खड्डा खणून चुना टाकून पुरलं सगळ्यांना.

मग शोध सुरू झाला. फाटकापाशी एक भटकी मांजर यायची आणि दिदोय तिला आपल्या डब्यातल्या सुक्या मासळीची डोकी टाकायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर लाचिकांनी त्याला फाटकावरच गाठलं.

"किती वेळा सांगितलं होतं तुला?"

"डॉक, मी आत पाऊलसुद्धा टाकत नाही. दारातून बोलतो फक्त."

"तुझ्या चपला येतात ना आत? तुझे हात फाटकाला लागतात, तेच फाटक सगळे ढकलतात!"

"मांजर तर ठणठणीत आहे हो..."

"उद्यापासून येऊ नकोस."

दिदोयनं डबा उचलला. जाताना त्यानं वाल्दाकडं पाहिलं, ती चार शब्द बोलेल म्हणून. वाल्दाही त्या क्षणी त्याच्यावरच जळफळत होती. तिनं तोंड फिरवलं.

घरी आली तेव्हा तेबानची चटई ओली झालेली. त्याला भिंतीकडं वळवून तिनं चटई ओढली, आणि बाजेच्या बांबूंच्या फटीत तिला पिवळट वाळलेला डाग दिसला. नखानं खरवडून तिनं बोट नाकाशी नेलं. दिवसभर ज्या वासात ती उभी होती, तोच वास. डागात चारदोन केस चिकटलेले होते, तांबूस, आखूड.

"तेबान."

तो भिंतीकडंच बघत राहिला.

"इथं मांजर होतं."

"पिल्लू होतं," तो म्हणाला. "खिडकीतून आलं. मी बोलावलं नव्हतं."

"कधीपासून?"

"तोड लागली तेव्हापासून." जीभ अडखळत होती, पण त्याला थांबायचं नव्हतं. "फाटक वाजलं की खिडकीबाहेर ढकलायचो. शहाणं होतं. तू आलीस की यायचं नाही. सेन्योर नाव ठेवलं होतं मी त्याचं. काम काही नाही, माझ्या ताटातलं माझ्या आधी खायचं, जमीनदारासारखं."

"कुठं आहे?"

"मेलं. पासिंगनं केळीखाली पुरलं."

"आणि पांघरुणावरची ती ओकारी?" तिचा आवाज चढला. "मी धुतली ती? तू म्हणालास, मला मळमळलं!"

तेबाननं डोळे मिटले. ते पांघरूण तिनं त्या रात्री याच हातांनी घासलं होतं, अंगातल्या पोलक्यावर शिंतोडे उडाले होते. पोलकं चुलीवर वाळवून सकाळी तेच घालून गेली होती. नेमकी वीज गेलेली ती सकाळ. तिघं छातीशी होती. एक लुचत होतं.

तिनं हात उगारला. लुळ्या पडलेल्या माणसावर उगारलेला हात तसाच हवेत राहिला, मग ती जमिनीवर बसली.

"पाच गेली, तेबान. पाचच्या पाच."

"मला काय ठाऊक?"

"नियम ठाऊक होता ना तुला!"

"होता." भिंतीकडूनच आवाज आला. "माझ्यापाशी दिवसभर कोण असतं गं, वाल्दा? तूच सांग. कोण असतं?"

तिनं नवी चटई घातली, त्याला सरळ केलं, भात भरवला. त्यानंही तोंड उघडलं, खाल्लं. स्वतःच्या ताटावर ती बसलीच नाही.

सकाळी ती दवाखान्यापर्यंत गेली, पण फाटकाला हात लावला नाही. रस्त्याच्या पलीकडं उभी राहून हाका मारत राहिली. डॉक्टर लाचिका बाहेर आल्या. "आत या ना, मनांग, असं काय करता?"

"नाही डॉक. तिथंच थांबा. दिदोयला बोलावून घ्या परत. त्याच्याकडून नाही आलं. माझ्याकडून आलं."

मोटारी जात होत्या, उसानं लादलेले ट्रक जात होते. मधे मधे थांबून, ओरडून तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव घेताना आवाज खाली गेला, तर डॉक्टरांना ऐकू गेलं नाही आणि तिला ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

डॉक्टर लाचिकांनी फाटकाची सळी धरली. मग म्हणाल्या, "तुमच्यावर माझा सगळ्यांत जास्त भरवसा होता."

"हो डॉक."

"हा रोग भिंतीत राहतो, मातीत राहतो. वर्षभर मरत नाही. या तोडीत मी आता एकही पिल्लू आत घेऊ शकत नाही. कळतंय का तुम्हाला? एकही."

"हो डॉक."

"घरी जा, मनांग." त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत न बघता म्हणाल्या, "कपडे जाळा ते."

वाल्दानं पोलकं जाळलं, पांघरूण जाळलं, बाज उन्हात टाकून क्लोरीननं घासली, हाताची सालं निघेपर्यंत. दिदोय परत कामावर गेला. रस्त्यात दिसला की तो टोपी कपाळावर ओढून निघून जायचा, आणि तिला वाटायचं, बरोबर आहे त्याचं.

आता ती दिवसभर घरी होती. तेबानला हवं होतं तेच झालं होतं, आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं.

पण तोड थोडीच थांबते! दवाखाना पिल्लं घेत नाही असं कळल्यावर लोकांना वाल्दाचं घर आठवलं. एका दुपारी बोटीनं शेजारच्या बेटावरून आलेला एक तोडकरी, लोलोय नावाचा, आणि त्याची बायको एस्तेर कुंपणापाशी आले. लोलोयच्या गवती टोपीत दोन पिल्लं होती, डोळे मिटलेली.

"तिथंच!" वाल्दा अंगणातून किंचाळली. "आत पाऊल टाकू नका!"

लोलोय दचकून मागं सरला. "बाई तूच ना वाल्दा? पिल्लंवाली?"

"मीच. माझ्या घरात रोग आहे त्यांचा. फडात परत ठेव, जा. आई येईल."

"फड कुठाय? सकाळी कापला, लगेच पाचट पेटवलं. उभं टिपरू नाही."

पिल्लं चिरचिरत होती. तो आवाज भुकेचा नव्हता, गारठ्याचा होता. वाल्दाला लांबूनही कळला. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

"एस्तेर, खाली बस. झाडाच्या सावलीत नको, उन्हात बस. घे त्यांना मांडीवर. तुला पोर आहे?"

"तीन आहेत."

"मग येईल तुला. पण पोरासारखं उताणं धरून पाजायचं नाही. पालथं ठेव, पोटावर. मान थोडी वर. आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध गेलं की मेलंच समज."

पासिंगनं तिच्या शेळीचं दूध काढून कुंपणाबाहेर नेऊन दिलं. एस्तेरचे हात पाचटानं चिरलेले, काजळीनं काळे, पण ते स्थिर होते. कापसाच्या बोळ्यानं ती थेंब सोडू लागली.

"हळू! गिळू दे!" वाल्दाचे खांदे हलत होते, पाठीमागचे हात सुटत नव्हते. "आता पूस. शेपटीखाली."

"पुसलं. काही होत नाहीये."

"पाणी कोमट पाहिजे," खिडकीतून तेबानचा आवाज आला. सगळ्यांनी वर पाहिलं. मान वळवून तो बघत होता. "गार बोळा लावला की आखडून घेतात ती. आणि रगडू नकोस. आई चाटते तसं. वरून खाली."

वाल्दानं त्याच्याकडं पाहिलं. हे त्याला तिनं कधी शिकवलं नव्हतं. रोज रात्री ती थकून जे दोन शब्द बोलायची, त्यांतून त्यानं ते वेचून ठेवलं असणार.

कोमट पाण्यानं पिल्लू मुतलं. एस्तेर लहान पोरीसारखी हसली.

पासिंगच्या फोनवरून वाल्दानं डॉक्टर लाचिकांना कळवलं. समुद्रापलीकडच्या बेटावर एक केंद्र होतं, ते घेईल म्हणाल्या, पण बोटीची सोय होईपर्यंत पिल्लं एस्तेरलाच जगवावी लागणार होती. एस्तेरला काम सोडता येत नव्हतं. तिनं टोपलीत चिंध्या घालून पिल्लं फडाच्या बांधावर ठेवली आणि मोळ्या बांधता बांधता ती पाजायला धावू लागली. मुकादम शिव्या द्यायचा, ती ऐकून घ्यायची. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारून जायची.

तिसऱ्या संध्याकाळी ती आली तेव्हा टोपलीवर फडकं झाकलेलं होतं. "एक गेलं," ती म्हणाली. "दुपारी पाजलं तेव्हा चांगलं होतं. माझं काय चुकलं, मनांग?"

"काही चुकलं नाही."

"पण मग..."

"काही चुकलं नाही म्हटलं ना! जातात. तू दुसऱ्याला पाज."

दुसरं तेवढं राहिलं. बोटीच्या दिवशी ते न्यायला दिदोय मोटारसायकलवरून आला. नवे कपडे, चपला क्लोरीनच्या पाण्यात बुडवून ओल्याच घातलेल्या. कुंपणाबाहेर एस्तेरच्या हातून त्यानं टोपली घेतली. वाल्दा अंगणात उभी होती. तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही, पण निघताना वळणावर वेग कमी करून, टोपली सांभाळत गेला. पिल्लू पोचलं, एवढं पुढं कळलं. जगलं की नाही ते कुणी कळवलं नाही आणि वाल्दानंही विचारलं नाही. तोड संपली, लोलोय आणि एस्तेर आपल्या बेटावर परतले.

तेबान पावसाळ्यात गेला, कामाविनाच्या त्या उपासमारीच्या दिवसांत, जेव्हा वस्तीत कुणाच्याच घरी नीट चूल पेटत नाही. शेवटचे दिवस त्याची जीभ पुन्हा जड झाली होती. वाल्दा आता उठताबसता त्याच्याजवळ असायची. एकदा त्यानं विचारलं, "जाशील का परत तिकडं?" ती म्हणाली, "नको ते बोलू नकोस. पेज पी." त्या मांजराचा विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही. तिनं माफ केलं असं नव्हतं. त्यानंही तिला केलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला दिदोय आला. मागं बाकाच्या टोकाला बसला, सगळ्यांबरोबर पुटपुटला, वाडगाभर पेज घेतली. लोक पांगल्यावर वाडगा परत द्यायला चुलीपाशी आला.

"डॉक विचारत होत्या," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनंतरचं त्याचं हे पहिलं बोलणं. "खोली धुऊन काढली सगळी. तोड लागेल आता."

वाल्दानं वाडगा घेतला, विसळला, पालथा घातला.

"येईन म्हणावं. पण वाघाटीच्या पिल्लांकडं नको. मला वटवाघळांकडं ठेवा म्हणावं."

"वटवाघळं चावतात, मनांग."

"चावू देत," वाल्दा म्हणाली.